थांबायचं असेल तर कारण सांगा : अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या वकिलांना खुलं पत्र

प्रति,
जिल्ह्याजिल्ह्यांत मोटार अपघाताचे दावे चालवणारे सर्व वकीलसाहेब आणि वकील मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कोर्टाची पायरी मी चढले ती धाकट्या भावामुळे. तो गवंडी. 2022 च्या नोव्हेंबरात संध्याकाळी कामावरून मोटारसायकलवर घरी येत होता, तेव्हा चुकीच्या बाजूने आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली आणि गुडघ्याचा चुरा झाला. त्या वेळी तो 38 वर्षांचा होता. सहा महिन्यांच्या आत आम्ही क्लेम टाकला. आता तीन वर्षं उलटून गेली आणि आमचा दावा अजून ‘साक्षीपुरावा’ या एका शब्दावर उभा आहे.

आमच्या वकीलसाहेबांचं किंवा कोर्टाचं नाव मी इथे घेणार नाही. एका माणसाला उघडं पाडायला हे पत्र लिहिलेलं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी बसलेली माणसं मला वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहेत. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाचा हात गेलेला, कुणी बाई नवऱ्याला खुर्चीवरून उचलून आणणारी. "तुमचं काय झालं?" असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच असतं, "तारीख." का दिली तारीख, हे मात्र त्यांच्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं.

आधी माझ्याकडून झालेली चूक सांगते. 2023 साली जवळजवळ आठ महिने आमच्या दाव्यात काही हललं नाही. आम्ही घरात बसून वकीलसाहेबांना नाही नाही ते बोललो. विमा कंपनीला मिळाले असतील, इथपर्यंत आमची मजल गेली. खरी गोष्ट वेगळी होती. भावाच्या पायात पू झाला होता, रॉड काढून पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती. उपचार संपून पाय स्थिरावल्याशिवाय जिल्हा रुग्णालयातून कायमच्या अपंगत्वाचा दाखला मिळत नाही, आणि त्या दाखल्याशिवाय भरपाईचा सगळ्यात मोठा भाग मागताच येत नाही. घाईघाईने निकाल लावून घेतला असता तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि न वाकणारा गुडघा, दोन्ही हिशेबाबाहेर राहिले असते. म्हणजे वकीलसाहेब थांबले ते आमच्याच भल्यासाठी. हे मला कळलं ते दीड वर्षाने, दुसऱ्याच एका वकील मॅडमच्या तोंडून, चहाच्या टपरीवर. आमच्या साहेबांनी ते दोन मिनिटं फोनवर सांगितलं असतं, तर आठ महिने आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवून काढले असते. त्या दिवसांत जे बोलले त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू. भाच्याने माझ्या मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप टाकून दिलं. त्यात दाव्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घातला की मागच्या-पुढच्या तारखा दिसतात. त्या पाहून मी नक्कल विभागात अर्ज केला आणि रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कल काढली. पक्षकाराला हे करता येतं, हेसुद्धा मला कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी ती नक्कल मी शाळेचं हजेरीपत्रक तपासावं तशी ओळीने तपासली. बावीस तारखा. त्यांतल्या पाच गेल्या टेम्पोमालकाला नोटीस न बजावल्यामुळे. तो गाव सोडून गेला होता आणि जुन्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा नोटीस निघत होती. त्याचा नवा पत्ता आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला माहीत होता. मला एकदा विचारलं असतं तर मी त्याच दिवशी आणून दिला असता. चार तारखा विमा कंपनीने म्हणणं दाखल करायला घेतल्या. तीन वेळा न्यायाधीश रजेवर होते किंवा त्यांची बदली झाली होती, तीन वेळा वेळेअभावी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पुढे गेला. चार वेळा डॉक्टर साक्षीला आले नाहीत. आणि उरलेल्या तीन तारखांना आमच्याच वकिलांचा मुदतीचा अर्ज होता.

त्या तिन्ही दिवशी माझा भाऊ कोर्टात हजर होता. एसटीच्या पायऱ्या त्याला चढता येत नाहीत, म्हणून गावातून रिक्षा करून जिल्ह्याला यावं लागतं. येण्याजाण्याचे नऊशे रुपये. त्यातल्या एका दिवशी तो सकाळी साडेदहापासून चार वाजेपर्यंत व्हरांड्यात पाय लांब करून बसला होता, कारण गुडघा वाकत नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचा पाय ओलांडून जावं लागत होतं. चार वाजता पट्टेवाल्याने तारीख सांगितली. वकीलसाहेबांना तालुक्याला दुसरं काम निघालं असेल, घरी कुणी आजारी असेल. तुमच्याही अडचणी असतात, एकेका दिवशी तुम्हाला तीन-तीन कोर्टांत उभं राहावं लागतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मुदत मागायचं आदल्या दिवशी ठरलेलं असेल, तर आदल्या संध्याकाळी एक फोन करायला काय हरकत आहे?

कायद्यात वेळेची काळजी घेतलेली नाही असंही नाही. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत दावा प्राधिकरणाला (म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. जखमीला त्याचे हक्क सांगणारा कागद 10 दिवसांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. त्यानंतर विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने 30 दिवसांत काय देऊ करतो ते सांगायचं असतं. आमच्या अपघातानंतर महिन्याभरातच, 15 डिसेंबर 2022 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात हे सगळं काटेकोर पाळा म्हणून देशभरातल्या पोलिसांना आणि प्राधिकरणांना बजावलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 169 प्राधिकरणाला संक्षिप्त पद्धतीने चौकशी करायची मुभा देतं. आमच्यापर्यंत हक्कांचा तो कागद कधी आला नाही. सविस्तर अहवाल प्राधिकरणात पोहोचला का, त्यावर विमा कंपनीने काय कळवलं, हे प्रश्न मी वकीलसाहेबांना दोनदा विचारले. "बघतो ताई," एवढंच उत्तर मिळालं. हे बघायचं काम तुमचं आहे, साहेब. आम्हाला कलमं माहीत नसतात, म्हणून तर आम्ही वकीलपत्रावर सही करतो.

उशिराने काय होतं ते आमच्या घरी येऊन पाहा. एका पिवळ्या कापडी पिशवीत भावाच्या दवाखान्याची बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड ठेवलेलं आहे. औषधांची बिलं दाखल करायला नेली तेव्हा "पुराव्याच्या वेळी देऊ" म्हणून ती परत मिळाली. औषधदुकानाची बिलं गुळगुळीत पातळ कागदावर छापलेली असतात, उन्हाने आणि घामाने त्यावरची अक्षरं उडतात. गेल्या दिवाळीत पिशवी उघडली तेव्हा 61 बिलांपैकी 19 कोरी पडली होती. खिडकीशी धरून, तिरपं करून पाहिलं तर एखादा आकडा अंधुक दिसतो. दुकानदाराकडे गेले, तर त्याने मधल्या काळात संगणक बदललेला, जुनी नोंद निघेना. ती बिलं पहिल्याच दिवशी झेरॉक्स काढून, मूळ प्रती यादीसोबत दाखल करून घेतल्या असत्या तर हा तोटा झाला नसता. उशीर कोर्टामुळे झाला असेल, पण "झेरॉक्स काढून ठेवा" हे सांगायला कोर्टाची परवानगी लागत नव्हती.

पुरावा असा माणसांच्या रूपातही निसटतो. भाऊ ज्या ठेकेदाराकडे कामाला होता, तो पहिल्या वर्षी साक्ष द्यायला तयार होता. रोज किती मजुरी देत होतो ते सांगतो म्हणाला होता. आता तो हैदराबादला साइटवर आहे आणि फोन उचलत नाही. गवंड्याला पगारपत्रक कुठून असणार? भावाकडे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचं ओळखपत्र आहे, त्यावर त्याचं काम छापलेलं आहे. त्याच्या कामाचा तो सरकारी पुरावा. ते आजवर कुणी मागितलं नाही. मीच गेल्या महिन्यात नेऊन दिलं.

आणि डॉक्टरांची साक्ष. इथे मी थोडी सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते आमचा सगळा दावा याच ठिकाणी अडकला आहे.

भावाच्या दाखल्यावर 35 टक्के अपंगत्व लिहिलं आहे. दाखल्यावरचा आकडा शरीराचा असतो. त्याने कमाई किती बुडाली ते वेगळं मोजावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सांगितलं आहे. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची जवळजवळ सगळी कमाई बुडते, कचेरीत कारकून असेल तर तितकी बुडत नाही, असं उदाहरण त्यात आहे. माझ्या भावाचा गुडघा वाकत नाही. गवंड्याला उकिडवं बसून वीट लावावी लागते, परांचीवर चढावं लागतं, एका पायावर भार देऊन ओळंबा धरावा लागतो. तो आज एका हार्डवेअरच्या दुकानात बसून पावत्या फाडतो, निम्म्याहून कमी पैशांत. त्याची थापी, गुण्या आणि ओळंबा घराच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेले आहेत. ओळंब्याची दोरी तो अजून वर्षातून एकदा बदलतो.

मी मास्तरीण आहे, म्हणून हिशेब करून पाहिला. महिना 15 हजार उत्पन्न धरलं, 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हातावर पोट असलेल्या माणसासाठी पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवले, तर महिना 21 हजार, वर्षाचे 2 लाख 52 हजार. 2009 च्या सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात 36 ते 40 वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, 15 आहे. म्हणजे 37 लाख 80 हजार. त्याचे 35 टक्के धरले तर 13 लाख 23 हजार होतात. कमाईचं नुकसान 70 टक्के झालं असं डॉक्टर आणि साक्षीदारांच्या जबानीतून सिद्ध झालं, तर 26 लाख 46 हजार. शेवटी किती धरायचं ते न्यायाधीश ठरवतील, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ज्या साक्षीवर तेरा लाखांचा फरक पडू शकतो, ती साक्ष चार वेळा हुकली आणि पाचव्यांदाही आपण नुसतं समन्सच काढलं आहे.

त्याच 2010 च्या निकालात डॉक्टरांच्या साक्षीवर उपायही सांगितला आहे. डॉक्टरांना दिवसभर कोर्टात बसवून ठेवू नका, त्यांच्या सोयीची वेळ विचारून कमिशनमार्फत, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस त्यांच्याकडे पाठवून, साक्ष नोंदवा, कोर्टात यायचंच असेल तर नक्की वेळ द्या आणि आल्याबरोबर साक्ष घ्या. समोरच्या बाजूला दाखला मान्य असेल तर तोंडी साक्षीशिवाय तो वाचायला घ्या. ज्या सर्जनने भावाचा पाय वाचवला, त्यांना मी स्वतः दवाखान्यात जाऊन भेटले. ते चिडलेले नव्हते. म्हणाले, "एकदा गेलो होतो, दोन तास बसून परत आलो. माझ्या ओटीतले पेशंट थांबले होते. दवाखान्यात येऊन लिहून घेणार असतील तर कधीही या." मी हे वकीलसाहेबांना सांगितलं. कमिशनचा अर्ज अजून दिलेला नाही.

मधल्या काळात लोकअदालतीचा निरोप आला. विमा कंपनी साडेसहा लाख द्यायला तयार आहे, घेऊन टाका, नाहीतर अजून पाच वर्षं जातील, असं आम्हाला सांगण्यात आलं. लोकअदालत वाईट नाही. पैसे लवकर मिळतात आणि समोरचा अपील करू शकत नाही. पण अपील आपल्यालाही करता येत नाही, ते आम्हाला सही करायच्या आधी सांगितलं गेलं नाही. भाऊ तयारच होता. त्याच्यावर सावकाराचे 80 हजार आहेत, शेकडा तीन रुपयांनी महिन्याला 2,400 व्याज जातं. आमच्या जिल्ह्यात प्राधिकरण दाव्याच्या रकमेवर जे व्याज देतं ते वर्षाला शेकडा सात-आठ रुपये. "व्याज मिळतंय की, थांबा," असं तुम्ही म्हणता तेव्हा तुमच्या पक्षकाराच्या डोक्यात हे दुसरं व्याज चालू असतं. साडेसहा लाख घ्यायचे की थांबायचं, हे ठरवायला त्याला वर लिहिलेला हिशेब हवा होता. तो मी बहीण म्हणून आकडे जुळवून मांडला. तुम्ही मांडला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं, आणि त्याने तुमचा शब्द मानला असता. हिशेब पाहून त्याने सही केली नाही.

फीबद्दलही लिहिते, कारण बाकावर त्याची कुजबुज सतत चालते. निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, हे तुम्ही जाणता. गरीब माणसाकडे आगाऊ द्यायला काही नसतं, म्हणून ती पद्धत पडली, हेही मी समजू शकते. तुम्ही वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून टायपिंगचे, नकलांचे पैसे घालता, तेही मी पाहिलं आहे. पण फी काय ठरली ते पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्या. आणि एखाद्याला वकील बदलायचा असेल तर त्याची फाइल अडवू नका. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद धरून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगून ठेवलं आहे. आमच्या शेजारच्या बाकावरची एक बाई दोन वर्षं फाइलसाठी फिरते आहे. तिला मी तालुक्याच्या विधी सेवा समितीचं दार दाखवलं. स्त्रियांना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न घालता तिथे मोफत वकील मिळतो.

माझं मागणं फार मोठं नाही. तारीख पडली की ती का पडली आणि पुढच्या तारखेला काय होणार आहे, हे दोन ओळींत व्हॉट्सॲपवर कळवा. त्या दिवशी पक्षकाराने यायची गरज नसेल तर येऊ नका म्हणून सांगा. नऊशे रुपये वाचतील. त्याच्याकडून कुठला कागद, कुणाचा पत्ता, कोणता साक्षीदार हवा ते विचारा. दावा मुद्दाम थांबवत असाल तर का थांबवता ते सांगा. जखमी माणसं थांबायला घाबरत नाहीत. माझ्या भावाने रॉड घातलेल्या पायाने अकरा महिने खाटेवर काढले, कारण डॉक्टर प्रत्येक भेटीत सांगत होते की हाड किती जुळलं, अजून किती राहिलं.

आमची पुढची तारीख याच महिन्यात आहे. मी शाळेतून रजा काढली आहे, पिवळी पिशवी आणि राहिलेली 42 बिलं घेऊन भावाबरोबर येते. वकीलसाहेब, हे पत्र तुम्हीही वाचाल. सर्जनसाहेब दर गुरुवारी दुपारी तीननंतर मोकळे असतात. कमिशनचा अर्ज त्या दिवशी देणार आहोत का, एवढं आदल्या संध्याकाळी फोन करून सांगा.

आपली नम्र,
एका पक्षकाराची बहीण